अमेरिकेचं मत आणि माझी आई

३० मार्च २०२०, ॲथलोन

आजपासून माझी झोपायची खोली म्हणजेच ऑफिस. कंपनीने टॅक्सीतून लॅपटॉप, हेडफोन आणि एक गुबगुबीत उशी पाठवली. उशी कशासाठी, ते पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. दुपारी चारला मी दार लावून घेतलं आणि अमेरिकेला फोन लावायला बसले.

मला अजूनही या नोकरीचं हसू येतं. डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स केलं, आणि काम काय, तर एका अमेरिकन संस्थेसाठी तिथल्या लोकांना त्यांची मतं विचारायची. यंत्र मनाला येईल तो नंबर फिरवतं. समोर कोण येईल ते नशीब. देश योग्य दिशेने चाललाय का? शेजाऱ्यांवर विश्वास आहे का? मुलांचे दिवस तुमच्यापेक्षा बरे असतील का? मी प्रश्न जसाच्या तसा वाचायचा आणि उत्तर टिपायचं. सुपरवायझर ग्रॉन्याची सक्त ताकीद आहे: 'अरे वा' नाही, 'अरेरे' नाही, हुंकारसुद्धा बेताचा. मला! जिला बोलण्यावरून अख्खी सातवी बाकावर उभं राहून काढावी लागली!

पण आज एक गंमत झाली. ऑफिसात असताना दहातले नऊ जण फोन आपटायचे. आज कोणी आपटेना. सगळे घरात कोंडलेले. टेक्सासमधल्या एका गृहस्थाने विचारलं, "कुठून बोलतेस?" आयर्लंडमधून म्हटल्यावर म्हणाला, "आवाजावरून वाटत नाहीस." आता याला गडहिंग्लज कुठे समजावू! तर म्हणाला, "माझी पणजी तिकडचीच. भेटली तर सांग, बरा आहे." मी हुंकार दिला. बेताचा.

आई बाहेर कॉटवर बसून सगळं ऐकत होती. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आली आणि अडकली बिचारी.

४ एप्रिल

आईने आज जाहीर केलं की भिंतीतून सगळं ऐकू येतं आणि तिलाही उत्तरं द्यायची आहेत. इंग्रजी तिला तुटक कळतं, म्हणून जेवताना मी प्रश्न मराठीत सांगितले.

"देश योग्य दिशेने चाललाय की चुकीच्या?"

"चालतोय कुठला? घरात बसलाय की सगळा देश."

"आई, दोनातलं एक सांगायचं."

"का म्हून? दोनच का? तुझ्या त्या अमेरिकेला तिसरं काय सुचत न्हाई व्हय?"

आईने पंचवीस वर्षं दूध संघाच्या केंद्रावर दूध मोजून घेतलंय. पाणी घातलेलं दूध आणि पाणी घातलेलं उत्तर तिच्यापुढे टिकत नाही. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून मी आईला कोणापुढे गप्प बसलेलं पाहिलेलं नाही. इथे मात्र दिवसभर बोलायला कोणी नाही तिला. मला वाईट वाटतं. म्हणून मी तिला सांगितलंय की लॉकडाउनच्या नियमाने घरापासून दोन किलोमीटरच्या आत रोज एक फेरी मारत जा.

१९ एप्रिल

ओहायोतल्या बाईंनी आज मला पार चक्रावून टाकलं. देश? खड्ड्यात चाललाय. शाळा? वाया गेल्या. माणसं? कोणावर विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत. मग प्रश्न आला, तुमचं स्वतःचं आयुष्य कसं चाललंय? "मस्त!" मुलांची शाळा? "फार छान." शेजारी? "देवमाणूस. रोज सूप आणून ठेवतो दारात." मग स्वतःहून म्हणाल्या, "तसा तो त्या दुसऱ्या पक्षाचा आहे. पण तो त्यांच्यासारखा नाही."

मी ग्रॉन्याला सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, "निहारिका, हे तर आमचं नेहमीचंच. देश बुडालाय, पण आमची गल्ली ग्रँड आहे. गेली कित्येक वर्षं सगळ्या सर्व्हेत हेच येतंय." (इथे 'ग्रँड' म्हणजे मजेत, झकास.) म्हणजे अख्ख्या अमेरिकेत प्रत्येक गल्ली चांगली आणि फक्त मधली जागा वाईट! मला तर हे इतकं आवडलं की पलंगावर उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्याही दोन.

आईला आज फेरीत मराठी माणूस भेटला! कालव्याच्या काठाला एका कुंपणाशी उभा राहून गाईंना बघत होता. आईही गाईंनाच बघायला थांबली होती. तो स्वतःशीच म्हणाला, "आता हिचा मागचा पाय काहून दुखून राहिला?" आई तिथूनच ओरडली, "खूर वाढलंय तिचं!" हेमचंद्र काका. अमरावतीकडचे, निवृत्त गुरांचे डॉक्टर, मुलाकडे आले आणि आईसारखेच अडकले. दोन मीटर अंतर राखून दोघे तासभर ओरडून बोलले म्हणे. आईचा घसा बसलाय. मध घालून पाणी दिलं.

१० मे

आता पाच किलोमीटर जाता येतं. आईची फेरी सकाळची झाली, मग सकाळ-संध्याकाळची झाली. गुडघा दुखतो म्हणायची ती आई हीच का?

आज काकांचा मुलगा भेटला, चारुदत्त. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर. लॉकडाउनमध्ये केस इतके वाढलेत की बोलताना मान झटकून डोळे शोधावे लागतात. माझ्याहून वर्षाने लहान, नोकरी पक्की, लग्न झालेलं नाही. हे सगळं मला आईने न विचारता सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आई माझं जमवते आहे!

तरीच रोजच्या फेऱ्या! तरीच परवा डब्यातून शेंगदाण्याची चटणी गेली आणि काल तिकडून बेसनाच्या पाटोड्या आल्या! हे वाटाघाटीचं पहिलं पाऊल आहे. मी काही बोलले नाही. बघते कुठवर जातात.

६ जून

भारतात जायला खास विमान आहे. दूतावासाची मेल आली. मी उड्याच मारल्या. आई मात्र चहा ढवळत म्हणाली, "तिकडं बी बंदच हाय सगळं. मग तिथं जाऊन काय भिंती बघू?"

"आई, तूच तर म्हणायचीस, कधी एकदा घरी जाते."

"गुडघा दुखतोय. विमानात बसवत न्हाई."

सकाळीच सहा किलोमीटर चालून आली होती. पण मी ओळखलं. माझ्यासाठी थांबते आहे ती. मला एकटं टाकून जायचं नाहीये तिला. मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, आई, मला कळतं गं. ती माझ्याकडे जरा विचित्रच बघायला लागली. "काय कळतं?" म्हणाली. मी म्हटलं, सगळं. तर तिच्या हातून चमचा पडला.

११ जुलै

मोन्टाना: सरकारने कोणाच्या भानगडीत पडू नये. सरकारने सगळ्यांना पैसे पाठवले ते चांगलं केलं का? "अर्थात. ते माझेच होते." ओरेगॉन: निर्वासितांचं मनापासून स्वागत. तुमच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी मोठी इमारत झाली तर? मग: "पार्किंगचं काय?"

मला दोघेही आवडले. मला सगळेच आवडतात. हे या नोकरीत बरं नव्हे.

२२ ऑगस्ट

नवा प्रश्न आला यादीत: तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं, तर तुम्हाला कितपत वाईट वाटेल? फार, थोडं, की अजिबात नाही?

लोक या प्रश्नाला जे बोलतात! जातीचं, वर्णाचं, धर्माचं विचारलं की 'छे छे, अजिबात नाही.' पक्षाचं विचारलं की आवाजच बदलतो. मिशिगनच्या एका बाई म्हणाल्या, "वाईट? मी लग्नाला जाईन, पण केक खाणार नाही."

जेवताना आईला विचारलं. तिने घास खाली ठेवला. "पर माणूस कसा हाय, त्ये कुठं इच्यारलंय?"

"ते नाही विचारत."

"मग कशाचं उत्तर देत्यात?" थोड्या वेळाने म्हणाली, "आन् आईनं न्हाईतर बापानं लगीन केलं तर पोरास्नी किती वाईट वाटंल, असा न्हाई व्हय एखादा प्रश्न?"

मी इतकी हसले की ताक नाकात गेलं. "आई, तू ना! ग्रॉन्याला कळवते, पुढच्या सर्व्हेत घालू."

"मग तू काय उत्तर देशील?"

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "माझं सगळ्याला अजिबात नाहीच असतं."

आई खूश झाली. दोन पोळ्या जास्त जेवली. तिलाही शेवटी अमेरिकेत रस वाटायला लागला.

एक गोष्ट मात्र खटकली. काका आधी तिला 'लीलाताई' म्हणायचे. आज कुंपणापाशी 'लीला' म्हणाले, 'ताई' नाहीच. वयाने माणसं जरा विसराळू होतात.

१४ सप्टेंबर

आज नियम मोडला. आयोवातले एक आजोबा, शेतकरी. लग्नाचा प्रश्न वाचला तर म्हणाले, "पक्षाचं काय घेऊन बसलीस पोरी. माझी मुलं माझ्याच लग्नावर रुसून बसली आहेत." बायको गेल्यावर पाच वर्षांनी त्यांनी चर्चमधल्या एका बाईंशी लग्न केलं. दोन्ही मुलगे बोलत नाहीत. "मी त्यांना विचारलं, तुम्हाला ती आवडत नाही का? तर म्हणाले, तसं नाही, पण बरं दिसत नाही. कोणाला बरं दिसत नाही ते काही सांगेनात."

माझ्या तोंडून मोठ्ठं 'अरेरे' गेलं. तेही मराठीत.

ग्रॉन्याने रेकॉर्डिंग ऐकून झापलं. झापू दे. काय ही मुलं! बापाने काय भिंतीशी बोलत मरायचं? मी त्यांच्या जागी असते तर स्वतः हार घेऊन उभी राहिले असते. आईला सगळं तावातावाने सांगितलं. ती फक्त ऐकत होती. मग उठून माझ्या केसांना तेल लावायला बसली. किती दिवसांनी!

३ ऑक्टोबर

आता प्रकरण हाताबाहेर चाललंय. आईने मोरपंखी साडी काढली. फेरीला! "हवा बरी हाय," म्हणाली. हवा कसली बरी, छत्री उलटी होत होती. आणि काल म्हणाली, "निहा, एक बोलायचं हाय तुझ्याशी. रविवारी डॉक्टर आन् चारुदत्त पण येतील. पुलाजवळ भेटू."

म्हणजे उद्या बघण्याचा कार्यक्रम.

मी चारुदत्तशी लग्न करणार नाही. मुलगा चांगला आहे. पण त्याच्याशी बोलताना माझ्या पोटात काहीच होत नाही, आणि टेक्सासच्या गृहस्थाशी बोलतानासुद्धा थोडं होतं. आरशापुढे नकाराचा सराव केला. 'तुझ्यात काही कमी नाही' हे वाक्य हसू न येता म्हणायला चार प्रयत्न लागले. हिरवा ड्रेस घालणार. नकार दिला तरी माणसाने चांगलं दिसावं.

४ ऑक्टोबर

झालं ते क्रमाने लिहिते.

मी मुद्दाम लवकर गेले. चारुदत्तही लवकर आलेला, पुलाच्या कठड्याला टेकून शॅनन नदीचं पाणी बघत होता. चेहरा असा, की आता उडीच मारतोय. मी सराव केलेलं वाक्य काढलं. त्याने त्याच क्षणी त्याचं काढलं.

"चारुदत्त, तुझ्यात काही कमी नाही, पण..."

"निहारिका, प्लीज वाईट वाटून घेऊ नकोस, मला हे..."

दोघेही थांबलो. मग दोघेही इतके हसलो की एक म्हातारा सायकलवाला थांबून "ऑल ग्रँड?" विचारून गेला.

"बाबा महिनाभर माझ्या मागे लागलेत," चारुदत्त म्हणाला, "निहारिका कशी वाटते, तिचा स्वभाव कसा आहे, ती रागीट आहे का. मला वाटलं झालं माझं लग्न."

"आई पण! चारुदत्त मनाने मोकळा आहे का, त्याला काही सांगितलं तर समजून घेईल का."

"समजून काय घ्यायचं आहे?"

मी म्हटलं, माहीत नाही. आणि तेवढ्यात ते दोघे वळणावरून आले. आईची छत्री काकांनी धरली होती. दोन मीटर अंतर नव्हतं. अर्धा मीटरही नव्हतं. काकांचा डावा खांदा पूर्ण भिजला होता, कारण छत्री सगळी आईवर होती. आणि आई हसत होती. मी तिला असं हसताना कधी पाहिलंय, ते आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना.

चारुदत्तने केस बाजूला केले, नीट बघितलं आणि म्हणाला, "ओह."

मग काकाच पुढे आले. खोकले. "बेटा, आम्ही दोघं लग्नाचा विचार करून राहिलो. तुम्हा दोघांना आधी सांगावं म्हटलं."

मी काय केलं? हिरव्या ड्रेसमध्ये, आयर्लंडच्या बरोबर मध्यावर, मी म्हटलं, "पण बरं दिसत नाही ते." आणि घरी निघून आले.

५ ऑक्टोबर

सकाळी भांडण. माझंच जास्त. आई नाश्त्याचे पोहे परतत उभी.

"लोक काय म्हणतील, आई?"

"कुठलं लोक? नावं सांग."

"म्हणजे... सगळे. गडहिंग्लजचे."

"नाव सांग की एकाचं."

"सुभाषमामा!"

"त्येला मी फोन करते. आणखी कोण?"

मला दुसरं नाव सुचेना. म्हणून मी वाईट बोलले. म्हटलं, बाबांचं काय? आईने गॅस बंद केला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "तुझ्या बाबास्नी जाऊन लई वर्सं झाली, निहा. त्यांचं दुख मी एकटीनं काढलं, तुला त्येची झळ लागू दिली न्हाई. म्हणून तुला वाटतंय, मला काय लागतच न्हाई." मग पोहे माझ्यापुढे ठेवले. "आन् मी तुझी परवानगी इच्यारत न्हाई. तुला सांगतीय."

चार वाजता मी अमेरिकेला फोन लावून पहिला प्रश्न विचारला. दुसऱ्या ओळीला रडू आलं. समोरच्या बाई नेब्रास्काच्या. म्हणाल्या, "हनी, देशाचं इतकं मनावर घेऊ नकोस."

२४ ऑक्टोबर

पुन्हा सगळं बंद. आई फेरीला जाते, येते. आम्ही 'मीठ दे' आणि 'दिवा घालव' एवढंच बोलतो. निवडणूक तोंडावर आल्याने फोनचा ढीग आहे. लोक तावातावाने सांगतात, ते दुसरे लोक कसे आहेत. मी टिपते. 'त्या' लोकांबद्दल त्यांना सगळं ठाऊक असतं. त्यांच्यातला कोणी ओळखीचा आहे का विचारलं की आवाज उतरतो. हो, बहीण आहे. हो, माझा न्हावी. हो, पण ती गोष्ट वेगळी.

चारुदत्तचा मेसेज: 'तू वर्षाने मोठी आहेस. आता तुला ताई म्हणायचं का? सीरियसली विचारतोय.' उत्तर दिलं नाही. पण हसले. आईने दारातून पाहिलं आणि निघून गेली.

८ नोव्हेंबर

अमेरिकेत मतं मोजून होईपर्यंत सगळे जागे होते, आज सगळे झोपलेत. कोणी फोन उचलत नाही. रविवार मोकळा होता, म्हणून मी आईच्या मागोमाग कालव्यावर गेले. चोरून नाही हं, उघड, पण वीस पावलं मागे.

ते दोघे त्या कुंपणाशी उभे होते. काका काहीतरी विचारत होते आणि आई विचार करत होती. काका थांबले. गाय बघितली, आभाळ बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. अधेमधे बोलले नाहीत. मग आईने उत्तर दिलं, बराच वेळ. काकांनी मान हलवली.

घरी आल्यावर मी विचारलं, "ते काय विचारत होते तुला?"

"शिक्षण झालं असतं तर काय झाली असतीस, म्हणून." आई लाजली. लाजली! "असं मला कुणी इच्यारलंच न्हवतं. तुझे बाबा लई चांगले होते. पर ते सांगायचे. हे इच्यारत्यात, आन् उत्तर येईस्तोवर थांबत्यात."

"मग काय सांगितलंस?"

"नकाशे काढणारी. दूध संघाच्या जीपमधनं फिरताना मी प्रत्येक गावाचा नकाशा डोक्यात काढायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू रोज परक्या माणसास्नी घरचं-दारचं इच्यारतीस, निहा. मला वाटायचं, कधीतरी माझा बी नंबर लागंल."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून भरपूर रडले, आणि मग आम्ही दोघींनी कांदाभजी केली. कारण रडून फार भूक लागते.

१३ नोव्हेंबर

सुभाषमामाला फोन. आईने स्पीकरवर टाकला, मी शेजारी बसून. आईने सरळ सांगितलं, लग्न करतीय, अमरावतीच्या डॉक्टरांशी. मग मामा म्हणाला, "विदर्भातला हाय?"

"व्हय."

"तांबडा-पांढरा रस्सा खाईल का?"

आईने फोनवर हात ठेवून काकांना विचारलं. (ते कायद्याने घरात येऊ शकत नव्हते, म्हणून खिडकीबाहेर बागेत उभे होते.) काका खिडकीतून म्हणाले, "सावजी खाऊन वाढलो बाप्पा, रस्सा काय सांगून राहिले!"

"मग हरकत न्हाई," मामा म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "अक्का, सुखी ऱ्हा गं."

इतके दिवस मी ज्या 'लोकां'ना घाबरत होते, ते हे.

१२ डिसेंबर

ग्रॉन्याने वर्षाचा अहवाल पाठवला. अमेरिकेचं मत, छापील आणि रंगीत. प्रत्येक बाजूला वाटतं, पलीकडची माणसं आहेत त्याहून कितीतरी टोकाची आहेत. प्रत्येकाला वाटतं, आपल्या ओळखीचे तेवढे अपवाद. आलेखातले सगळे रंगीत खांब मी पाहिले आणि मला त्यांच्यात माझे आवाज ऐकू येत होते. या खांबात ओहायोचं सूप आहे. या पट्टीत मिशिगनचा केक आहे. 'फार वाईट वाटेल' म्हणणाऱ्यांच्या लाल रंगात, मला खात्री आहे, निम्मे तरी लग्नाच्या दिवशी केक खातील. आपण न पाहिलेल्या माणसाबद्दल उत्तर देतो, आणि मग तो माणूस खुरांबद्दल बोलत दारात उभा राहतो.

ग्रॉन्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हे अहवालात घालता येणार नाही, निहारिका. पण बरोबर आहे." आणि मला बढती मिळाली! आता मी नव्या मुलांना हुंकार शिकवणार. मी!

२ मार्च २०२१

रजिस्ट्रारकडे लग्नाची नोटीस दिली. गडहिंग्लज आणि अमरावतीहून दाखले यायला जन्म गेला. ऑनलाइन बोलताना बाईंनी आईला विचारलं, व्यवसाय? मी 'निवृत्त' म्हणणार होते. आई म्हणाली, "इंग्लिशमध्ये सांग, नकाशे शिकतीय." खरंच शिकते आहे. काका पेन्सिल टोकून देतात, ती ॲथलोनचा नकाशा काढते. गोठे सगळे आहेत, किल्ला राहिलाय.

चारुदत्त आता मला खरंच ताई म्हणतो. केस कापले त्याने. कानही आहेत!

१८ जून

लग्न झालं!!

पंचवीस माणसांना परवानगी होती, आम्ही सातच. ग्रॉन्या इथल्या लग्नांच्या रीतीप्रमाणे डोक्याला पिसं लावून आली. मामा आणि अमरावतीचे नातेवाईक फोनच्या पडद्यावर, एकाच्या मागे एक डोकी. आईने मोरपंखीच साडी नेसली. काकांचा कोट चारुदत्तचा, बाह्या जरा लांब. सही करायला आईने घाईने पेन ओढलं तर काका म्हणाले, "आरामात. मी काही पळून नाही राहिलो." रजिस्ट्रारबाईंना शब्द कळले नाहीत, तरी त्याच आधी हसल्या.

मी हार घेऊन उभी होते. हार ट्युलिपचा, कारण इथे झेंडू मिळाला नाही, आणि ट्युलिप माना टाकतात, त्यामुळे गळ्यात पडेपर्यंत नुसते देठ राहिले होते. कोणाला काही वाटलं नाही. मी काकांना काय म्हणू विचारलं. ते म्हणाले, "जे तोंडी येईल ते, बेटा. घाई नाही." सध्या काकाच येतं. येईल पुढे काही.

पाचच्या गाडीने दोघे गॉलवेला गेले. दोन रात्री, समुद्रासमोर. आईने बाबा असताना कधी हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. स्टेशनवर तिने मला फ्रिजमधल्या भाजीबद्दल सूचना दिल्या आणि गाडी हलल्यावर हात हलवायचंच विसरली. काहीतरी सांगत होती त्यांना.

चारुदत्त आणि मी घरी येऊन उरलेलं श्रीखंड थेट भांड्यातून खाल्लं.

१९ जून

सकाळी मी नव्या मुलांचं ट्रेनिंग घेत होते. सात चौकोनांत सात गंभीर चेहरे. मी सांगत होते, तुमच्या आवाजात काहीही उमटता कामा नये. तेवढ्यात आईचा फोन. मी सॉरी म्हणून घेतला.

"निहा! समुद्र बरफागत गार हाय गं!"

"आत गेलीस?"

"गुडघ्यापातूर!"

"साडी नेसून?"

"साडी नेसून कोण जातंय खुळ्यावानी? ह्यांची पँट घातलीया. दोरीनं बांधलीय वरनं." मागे वाऱ्याचा नुसता गोंगाट, समुद्रपक्ष्यांचा कलकलाट आणि त्यातून काकांचा आवाज, "लीला! पुढे नको जाऊ! मोठी लाट येऊन राहिली!"

"येऊ द्या की!" आई ओरडली.

मग एक मोठ्ठा धप् आवाज, आईची किंकाळी, आईचंच हसू, आणि फोन बंद.

सातही चेहरे माझ्याकडे बघत होते. मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते, हसतच होते, आणि कोणीतरी अगदी हळू विचारलं, "इज शी ऑल राइट?"

"ग्रँड," मी म्हटलं. "शी इज ग्रँड."